पल्स्ड मायक्रोवेव्हने प्राण्यांचे स्ट्रेस हार्मोन खरंच वाढतात का?

पिंगळा: एमएस्सी झूलॉजीच्या सेमिनारला हा विषय घेतलाय. एका पेपरात कॉर्टिकोस्टेरॉन (उंदरांचा मुख्य स्ट्रेस हार्मोन) वाढला, दुसऱ्यात काही फरक नाही आणि गाईड म्हणतात दोन्ही बरोबर असू शकतं, ते कसं? पल्समुळे, म्हणजे लहरी सलग न सोडता झटक्याझटक्याने सोडल्यामुळे, काही वेगळं होतं की नुसतं अंग तापतं म्हणून?

जुना लॅबवाला: आधी पॉवर बघ, मग हार्मोन. लॉट्झ आणि पॉडगॉर्स्की, 1982, ऱ्हीसस माकडं, 1.29 गिगाहर्ट्झ, आठ-आठ तास. 20, 28 आणि 38 मिलिवॅट प्रति चौरस सेंमी दिले, कॉर्टिसॉल (माकडा-माणसांचं स्ट्रेस हार्मोन) वाढलं फक्त 38 ला, तिथे तापमान साधारण 1.7 अंशांनी चढलेलं, तेही दिवसाच, रात्री नाही. त्याआधी लॉट्झ-मायकेलसननी उंदरांची मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी काढून, मायक्रोवेव्ह देऊन बघितलं तर कॉर्टिकोस्टेरॉन वाढलाच नाही, म्हणजे सिग्नल वरून, मेंदू-पिट्युटरीकडून येतो, हार्मोन बनवणारी अॅड्रिनल थेट भाजून निघत नाही. मला तरी हे सरळ उष्णतेचंच प्रकरण वाटतं.

पिंगळा: आणि कमी पॉवरला?

जुना लॅबवाला: युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचा 1992 चा पेपर वाच. 100 उंदरांना 2450 मेगाहर्ट्झ पल्स्ड, 0.48 मिलिवॅट प्रति चौरस सेंमी, रोज 21.5 तास, 25 महिने!! सुरुवातीच्या तपासणीत कॉर्टिकोस्टेरॉन जास्त दिसला, नंतर फरक गेला आणि पुन्हा केलेल्या छोट्या प्रयोगात तो दिसलाच नाही. म्हणून गाईड बरोबर आहेत.

उंदीरमामी: एक राहिलं, पल्स ऐकू येतो. संशोधक अॅलन फ्रेने 1962 मध्येच माणसांवर दाखवलं, कारण मात्र नंतर कळलं: डोक्यातल्या ऊती एका पल्सला अगदी किंचित तापून फुगतात आणि कानात टिक् होतं. प्राण्याला सतत टिकटिक ऐकू येत असेल तर स्ट्रेस आवाजाचा की रेडिएशनचा, कसं ठरवणार? शिवाय उंदराला नुसतं नळीत कोंबलं तरी हार्मोन उडतो, त्यामुळे शॅम ग्रुप (तसंच कोंबलेले, पण रेडिएशन न दिलेले उंदीर) नसलेला पेपर मी तर बाजूलाच ठेवते. रक्त किती वाजता काढलं तेही बघ, उंदरांचा कॉर्टिकोस्टेरॉन संध्याकाळी चढतो, आपलं कॉर्टिसॉल सकाळी.

गोठेवाला: मग आमच्या टॉवरशेजारच्या म्हशींचं काय हो?

जुना लॅबवाला: दादा, 38 मिलिवॅट प्रति चौरस सेंमी म्हणजे 380 वॅट प्रति चौरस मीटर. आपल्याकडे 2012 ला 1800 मेगाहर्ट्झच्या मोबाईल टॉवरसाठी मर्यादा 0.92 वॅट प्रति चौरस मीटर केली, म्हणजे माकडांना त्याच्या चारशेपट दिलं होतं. दूध कमी झालं असेल तर आधी चारा आणि कासदाह तपासा.