मायोटोनिया: विद्युत-स्रावाचा उगम स्नायूतंतूतच

मायोटोनियात, म्हणजे आकुंचनानंतर स्नायू लवकर सैल न होण्याच्या स्थितीत, मूठ उघडायला वेळ लागतो याचा अर्थ मज्जातंतू संदेश पाठवतच राहतो, असा एक समज आहे. तिथे दुरुस्ती आवश्यक वाटते. मज्जातंतूचा संदेश औषधाने रोखला तरी स्नायूतील विद्युत-स्राव (विजेच्या स्पंदनांच्या मालिका) थांबत नाहीत. जन्मजात मायोटोनियात स्नायूतंतूच्या पटलातील क्लोराइड वाहिनी (क्लोराइड आयनांना ये-जा करू देणारे प्रथिनाचे द्वार) दुबळी असते, त्यामुळे आकुंचनाच्या वेळी तंतूच्या सूक्ष्म नलिकांमध्ये साचलेल्या पोटॅशियमचा परिणाम आवरला जात नाही आणि पटल आपोआप पुन्हापुन्हा उत्तेजित होत राहते. ईएमजीची (स्नायूंची विद्युत क्रिया नोंदवणाऱ्या तपासणीची) सुई किंचित हलवली, की सेकंदाला साधारण २० ते १५० स्पंदनांची, वेग आणि उंची दोन्ही चढत-उतरत जाणारी मालिका उमटते. तो चढउतार स्पीकरवर स्पष्ट ऐकू येतो आणि माझ्या मते निदानात कान डोळ्यांइतकाच महत्त्वाचा आहे. मात्र पॉम्पे रोगात (स्नायूंत ग्लायकोजेन साठत जाणाऱ्या आनुवंशिक आजारात) स्नायू आखडत नसतानाही असे स्राव आढळू शकतात.