जुन्या जपानी पटाशीच्या पाठीवर गंजाचे खड्डे, घासू का?

मंडळी, हत्यारं परजणाऱ्यांचा सल्ला हवा आहे.

मी ओसाकात राहतो, सुट्टीला लाकूडकाम करतो. क्योटोच्या तोजी देवळात दर महिन्याच्या 21 तारखेला बाजार भरतो. तिथून एक जुनी, हाताने घडवलेली पटाशी आणली. इथे तिला नोमी म्हणतात. रुंदी 24 मिमी, त्यांच्या मापात आठ बू. लोहाराचा शिक्का अर्धा पुसलाय, मुठीवरचं कडं सैल आहे. कडं मी बसवेन, त्याची काळजी नाही.

धारेचा उतार निसण्यावर घासला तेव्हा मात्र बघतच राहिलो. वरचं मऊ लोखंड धुरकट राखाडी, त्यात लाकडासारखे बारीक तंतू, आणि धारेलगत पोलादाची चकचकीत पट्टी. आपल्याकडे लोहार कोयत्याला पोलाद भरतात तसंच, पण इथे पोलाद पात्याच्या पाठीवर पार मागपर्यंत आहे. नुसत्या त्या कडक पोलादाचं पातं हातोड्याखाली टिकलं नसतं. धक्का सोसतं ते मऊ लोखंड. परजायलाही तेच सोपं जातं.

आता अडचण. पाठीला मधे उथळ पोकळी असते, तिला उरा म्हणतात. निसण्याला फक्त भोवतालची चौकट टेकते, म्हणून पाठ लवकर सपाट होते. माझ्या पटाशीत धारेमागच्या सपाट पट्टीतच गंजाचे तीन खड्डे आहेत, सगळ्यात जवळचा धारेपासून जेमतेम 1 मिमीवर. परजत गेलो की धार तिथे पोचणार आणि दाता पडणार.

पाठ घासून खड्डे काढले तर उरा उथळ होईल. उताराकडूनच धार मागे नेली तर खड्डे जातील, पण सपाट पट्टी संपून धार पोकळीत शिरेल. रंध्याच्या पात्याला मऊ लोखंडावर हातोडीने ठोकून पोलाद खाली दाबतात, पण पटाशी जाड, तडा गेला तर सगळंच गेलं. विजेच्या सहाणेवर नेणार नाही, तापून पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरेल.

कुणी पटाशीवर असं ठोकून पाहिलंय का? की तिन्ही खड्डे तसेच ठेवून, धार पोचेल तेव्हा एकेक काढावा?

दुसरं, धारेचा कोन 27 अंश ठेवून केयाकी या कठीण जपानी लाकडात मारली तर धारेचे बारीक टवके उडतात. कोन 30 च्या वर न्यावा, की जुन्या धारेचा पहिला थोडा भाग घासून गेला की थांबेल?