क्यू, एक्स, झेड, जे असलेले इंग्रजी शब्द लक्षात कसे ठेवायचे?

सीताबर्डीकर
मुलगी आठवीत आहे, इथे नागपुरातच. आंतरशालेय शब्दस्पर्धेत एक फेरी स्पेलिंगची आहे, अर्थ आणि मूळ भाषेसकट, आणि दुसरी स्क्रॅबलची (अक्षरांच्या सोंगट्यांनी पटावर शब्द जुळवायचा खेळ). क्यू, एक्स, झेड, जे यांच्या याद्या ती पाठ करते, पण दोन दिवसांत अर्थांची सरमिसळ होते. क्यूच्या मागे यू येतोच असं शाळेत शिकवलंय, आणि यादीत तर यू नसलेले कितीतरी. यात काही सूत्र आहे की घोकंपट्टीच करायची? हातात दोन महिने आहेत.

रामदासपेठ_वाचक
सूत्र आहे, आणि मराठी मुलांना ते फार सोपं जातं. क्यू-यू ही जोडी फ्रेंच वळणाची. जुन्या इंग्रजीत क्वीन हा शब्द सी-डब्ल्यूने लिहीत. 1066 मध्ये फ्रान्समधून नॉर्मन इंग्लंडात आले आणि पुढे त्यांच्या लेखनिकांच्या सवयीने तिथे क्यू-यू बसलं.

यू नसलेले शब्द मुख्यतः अरबीतले. अरबीत घशातून काढायचा एक वेगळा 'क' आहे, रोमन लिपीत तो क्यूने दाखवतात. तेच अरबी शब्द फारसीवाटे मराठीत आले, म्हणजे अर्धी यादी मुलीला आधीच येते. तलाक: टी-ए-एल-ए-क्यू. कव्वाली: क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय, इथे दुसरा डब्ल्यू हमखास गळतो. आपला काझी म्हणजे क्यू-ए-डी-आय. त्या अरबी व्यंजनाचा फारसीत झ झाला, या स्पेलिंगमध्ये ड राहिला. बुरखा बी-यू-आर-क्यू-ए, यात यू आहे, पण क्यूच्या आधी, आणि आपल्या 'ख'मुळे मुलं के-एच लिहून मोकळी होतात. फकीर मात्र के आणि क्यू दोन्हींनी चालतो. स्पेलिंगच्या फेरीत के लिहा, तेच जास्त रूढ आहे. क्यूचं रूप स्क्रॅबलसाठी ठेवा.

मराठीत नसलेले थोडेच उरतात. क्यू-ए-टी म्हणजे येमेनमध्ये तरतरीसाठी चघळतात तो पाला. क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे जमिनीखालून पाणी उताराने आणणारा बोगदा. बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा याच तंत्राचा आहे, तो दाखवून आणलात तर शब्द जन्मात विसरणार नाही. क्यू-आय हा चिनी, उच्चार 'ची', अर्थ प्राणशक्ती.

पाटी_आणि_पट
स्क्रॅबलपुरतं सांगतो. इंग्रजी संचातल्या 100 सोंगट्यांत क्यू, झेड, जे, एक्स प्रत्येकी एकच. क्यू आणि झेडला 10 गुण, जे आणि एक्सला 8. मोठा शब्द जुळेल म्हणून क्यू धरून बसणं ही सगळ्यात महागडी चूक. डाव संपताना तो हातात राहिला तर तुमचे 10 वजा होतात आणि आधी सोंगट्या संपवणाऱ्याला ते 10 मिळतात, म्हणजे फरक 20 चा.

त्यापेक्षा पटावर मोकळा आय शोधा. तिप्पट अक्षराच्या घरात क्यू असा ठेवा की आडवा आणि उभा दोन्हीकडे क्यू-आय बनेल: 10 चे 30, आयचा 1, असे 31, आणि तेच दोनदा, म्हणजे एका चालीत 62. बाकी दोन अक्षरी शब्दांत झेड-ए (पिझ्झाचं लघुरूप), एक्स-आय (ग्रीक अक्षर), एक्स-यू (व्हिएतनामचं नाणं), जे-ओ (स्कॉटिश बोलीत लाडकी व्यक्ती) हे पक्के करा. शब्द कोणत्या यादीतून ग्राह्य धरणार ते आयोजकांना आधीच विचारा. भारतातल्या स्क्रॅबल स्पर्धा सहसा कॉलिन्स शब्दकोशाच्या यादीवर चालतात, अमेरिकी यादी वेगळी आहे.

खमध्य
एक्स आणि झेडची खरी अडचण ऐकण्यात आहे. सुरुवातीच्या एक्सचा उच्चार 'झ' होतो, मग मुलं झेड लिहितात. परीक्षकांना दोन गोष्टी विचारायच्या: मूळ भाषा आणि अर्थ. भाषा ग्रीक आणि अर्थात परका, कोरडा, लाकूड किंवा पिवळा यांपैकी काही असेल तर एक्स. झेनॉन वायू (शोध 1898, रॅमझी आणि ट्रॅव्हर्स) म्हणजे 'परका'. झेरॉक्स म्हणजे कोरडं लेखन. झायलेम ही झाडात पाणी वर नेणारी ऊती, मूळ 'लाकूड'. झँथोफिल हे पिवळं रंगद्रव्य. संत्र्यात याच कुळातलं क्रिप्टोझँथिन असतं, त्यामुळे हा शब्द आपल्या फळबाजारात उभं राहून शिकवता येतो. भाषा ग्रीक पण अर्थ प्राणी किंवा पश्चिमेचा वारा असेल, तर झूऑलॉजी आणि झेफर, दोन्ही झेडने.

झेडचे बरेच शब्द अरबीतून आलेत. झिरो आणि सायफर ही एकाच मुळाची दोन रूपं: संस्कृत शून्य, त्याचं अरबी भाषांतर सिफ्र, त्यातून दोन्ही निघाले. नागपूरच्या झिरो माइलच्या खांबावरून जाताना एवढं सांगितलं तरी पुरे. झेनिथ म्हणजे खमध्य, बरोबर डोक्यावरचा बिंदू. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने मेच्या शेवटी आणि जुलैच्या मध्यावर सूर्य इथे त्या बिंदूवर येतो. त्याच अरबी शब्दाच्या अनेकवचनातून ॲझिमथ (क्षितिजावरचा दिशाकोन) आला.

जेचं थोडक्यात: अस्सल इंग्रजी शब्द जेने संपत नाहीत, तिथे जी-ई किंवा डी-जी-ई येतं. शेवटी जे दिसला की शब्द बाहेरचा: राज, स्वराज, ताज, हज. हजला शेवटी दोन जे.

सीताबर्डीकर
मनापासून आभार. एक राहिलं: शब्दाच्या मधल्या एक्सचा उच्चार कधी 'क्स' आणि कधी 'ग्झ', ते कसं ओळखायचं?

खमध्य
जोर कुठे पडतो ते बघा. ई-एक्सने सुरू होणाऱ्या शब्दात जोर एक्सनंतरच्या स्वरावर असेल तर 'ग्झ': एग्झाम, एग्झॅक्ट, एग्झिस्ट. जोर पहिल्याच ई वर असेल तर 'क्स': एक्सरसाइझ, एक्सिक्यूट. अँक्शस आणि अँग्झायटी ही जोडी तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या. दुसऱ्यात जोर पुढे सरकतो आणि एक्स बदलतो, ते तिला स्वतःच्या कानाने ऐकू येईल.