शब्दचर्चा : 'डायनेस्टी ड्राफ्ट'ला मराठीत काय म्हणाल?

न्यू जर्सीहून

बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेत. परवा संध्याकाळी माझा चौदा वर्षांचा मुलगा लॅपटॉप उघडून बसला होता. शेजारी वही, वहीत नावांच्या ओळी, काही नावं खोडलेली, काहींपुढे वय लिहिलेलं. बाबांनी विचारलं, "काय चाललंय रे?" तो म्हणाला, "डायनेस्टी लीगच्या ड्राफ्टचा सराव करतोय, आबा." बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी घाईत सांगून टाकलं, "आयपीएलचा लिलाव असतो ना, तसंच." बाबा पाऊण तास त्याच्याजवळ बसले आणि उठताना म्हणाले, "लिलाव म्हणतेस, पण बोली तर कुणीच लावत नाहीये."

त्यांचं बरोबर होतं, आणि मला योग्य शब्द देता आला नाही याची चुटपुट लागून राहिली. म्हणून इथे विचारते.

खेळ असा. इथल्या अमेरिकन फुटबॉलमधले, म्हणजे एनएफएलमधले, खरे खेळाडू बारा मुलांनी एकेक करून, ठरलेल्या क्रमाने आपापसांत वाटून घ्यायचे. हे वाटप म्हणजे ड्राफ्ट. एक खेळाडू एकाकडेच. रविवारी खऱ्या सामन्यात तो जे करेल त्याचे गुण त्या मुलाला : चेंडू घेऊन दहा यार्ड पुढे गेला की साधारण एक, टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात नेला, की सहा. हा झाला फॅन्टसी फुटबॉल. नेहमीच्या लीगमध्ये हंगाम संपला की संघ मोडतात आणि पुढच्या वर्षी नव्याने वाटप होतं. डायनेस्टीत संघ मोडत नाही. आज घेतलेला बावीस वर्षांचा पोरगा दहा वर्षांनीही तुमच्याकडेच असू शकतो. सुरुवातीला एकदा मोठा ड्राफ्ट, आणि नंतर दरवर्षी फक्त कॉलेजातून नव्याने आलेल्यांचा, म्हणजे रूकींचा, छोटा.

तर ड्राफ्ट, डायनेस्टी, रूकी या तीन शब्दांना आपल्या बोलण्यात बसतील असे शब्द हवेत. बाबांना चालतील असे.

पुण्याहून

ताई, आधी 'ड्राफ्ट'कडे बघू, कारण या एका शब्दाला मराठीने आधीच दोन वेगवेगळे शब्द दिले आहेत. कायद्याचा ड्राफ्ट म्हणजे मसुदा. तो अरबीतून आला, मुळात अर्थ 'काळा केलेला', शाईने काळा केलेला कागद. बँकेचा डिमांड ड्राफ्ट म्हणजे सरकारी मराठीत धनाकर्ष. यातला 'आकर्ष' म्हणजे ओढणं, आणि इंग्रजी शब्दाच्या मुळाशीही ओढणंच आहे. खेळाडूंचा ड्राफ्ट त्यातलाच : गर्दीतून एकेकाला आपल्याकडे ओढून घ्यायचं. पण 'खेळाडू-आकर्ष' म्हटलं तर तुमचे वडील पुन्हा तुमच्याकडेच बघतील. मी 'निवड' सुचवेन.

लिलाव मात्र नको. तो पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि त्यात पैशाची चढती बोली आहेच आहे. ड्राफ्टमध्ये पैसा नसतो, क्रम असतो. 1936 साली एनएफएलचा पहिला ड्राफ्ट फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात झाला. नऊ संघ, नऊ फेऱ्या, एक्याऐंशी खेळाडू. ही कल्पना मांडणारे बर्ट बेल फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक होते आणि त्यांचा संघ तेव्हा तळाला होता. चांगले खेळाडू पैसेवाल्या, जिंकणाऱ्या संघांकडेच जात होते. बेल यांचं म्हणणं मान्य झालं : जो सगळ्यात खाली, त्याने आधी उचलावं. म्हणजे ड्राफ्ट जन्मालाच आला तो पैशाची बोली मोडण्यासाठी. त्याला लिलाव म्हणणं म्हणजे उलटा अर्थ सांगणं.

आणखी एक. त्या दिवशी सगळ्यात आधी निवडलेला खेळाडू म्हणजे बर्वँगर (Jay Berwanger). ते एनएफएलमध्ये एकही सामना खेळले नाहीत. निवडलं म्हणजे माणूस विकत घेतला असं नव्हे. त्याच्याशी बोलणी करायचा हक्क तेवढा मिळाला.

सांगलीहून

'निवड' बरोबर आहे, पण अर्धाच आहे. निवड एकटा माणूसही करतो. बाजारात वांगी निवडतो, त्यात कुणाचा नंबर लागत नाही. इथं मुख्य गोष्ट नंबराची आहे. आपल्याकडं त्याला सरळ शब्द आहे : पाळी.

कालव्याखाली ज्याचं शेत आहे त्याला शेजपाळी सांगावी लागत नाही. अर्ज मंजूर झाले की पाणी एकेकाच्या शेतात पाळीनं जातं, आणि नियमाप्रमाणं ते टेलकडून, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडून, सुरू होऊन हेडकडं, म्हणजे तोंडाकडं, यायचं असतं. कारण हेडवाल्यानं आधी घेतलं तर शेवटच्याला थेंब उरत नाही. वरच्या पोस्टमधलं 'जो सगळ्यात खाली, त्याने आधी उचलावं' वाचलं आणि मला आमचा कालवाच दिसला. दरवर्षीच्या छोट्या ड्राफ्टला मी शेजपाळी म्हणेन. ताईंच्या वडिलांना अर्थ सांगावा लागणार नाही.

मोठा ड्राफ्ट कसा असतो? तिथं गेल्या वर्षीचा शेवटचा कोण, हा प्रश्नच नसणार.

न्यू जर्सीहून

दादा, शेजपाळी वाचून दाखवल्यावर बाबा नुसते हसले नाहीत, त्यांनी मुलाला अर्धा तास कालवा समजावून सांगितला. 

मोठ्या ड्राफ्टमध्ये चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो आणि दर फेरीला तो उलटतो. बारा जणांत पहिल्याला पहिला खेळाडू मिळतो, पण मग थेट चोविसावा आणि लगेच पंचविसावा. बाराव्याला बारावा आणि लागोपाठ तेरावा, मग छत्तीस आणि सदतीस. इंग्रजीत याला सापाचं नाव आहे. वहीवर मुलाने बाण काढले होते, डावीकडून उजवीकडे, खाली वळून परत डावीकडे. बाबा त्यावर बोट फिरवत म्हणाले, "हे नागमोडी आहे." शब्द आपल्याकडे होताच. नागमोडी पाळी.

एक शंका मोकळेपणाने विचारते. 'पाळी' म्हटलं की आजकाल बऱ्याच जणांच्या मनात मासिक पाळीच येते. मुलांच्या खेळात चालेल का?

नाशिकहून

मी शाळेत शिकवते, म्हणून आवर्जून लिहिते. चालेल, आणि चालायलाच हवा. दिवसपाळी, रातपाळी, सकाळच्या पाळीची शाळा, दुपारची शाळा, पाण्याची पाळी, मासिक पाळी, हे सगळे एकाच 'पाळी'चे आहेत : ठरलेल्या क्रमाने येणारी वेळ. एका अर्थाची लाज वाटते म्हणून बाकीचे सगळे अर्थ सोडून दिले, की शब्दही जातो आणि लाजही पक्की होते. माझ्या वर्गात फळ्यावर उत्तर लिहायला मुलं 'आता माझी पाळी' म्हणतात आणि कुणी हसत नाही, कारण हसण्यासारखं काही आहे असं त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

आता 'डायनेस्टी' घ्या. सरळ घराणं म्हणावं का?

पुण्याहून

घराणं म्हटलं की एक तर राजघराणं, नाहीतर किराणा, ग्वाल्हेर, जयपूर-अत्रौली. दोन्हींत एका पिढीकडून दुसरीकडे काहीतरी जातं, रक्त किंवा गायकी. या लीगमध्ये एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे काहीच जात नाही, फक्त धरून ठेवण्याचा हक्क वर्षानुवर्षं चालतो. त्याला आपला जुना शब्द वतन. वतनी लीग?

नागपूरहून

वतन नको, अशी विनंती करतो. पाटील-कुलकर्ण्यांच्या घरात तो शब्द मानाचा असेल. आमच्या घरात महार वतन म्हणजे गावाने कधीही हाक मारावी आणि जावं लागावं, ही गोष्ट आहे. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं ते याच बांधिलकीविरुद्ध. माणसं कुणाकडे वर्षानुवर्षं राहणार, हे ठरवणाऱ्या खेळाला नेमका तोच शब्द दिला तर मला तो खेळ म्हणून ऐकू येणार नाही.

पुण्याहून

मान्य. सुचवताना माझ्या हे लक्षात यायला हवं होतं. शब्द मागे घेतो.

लातूरहून

मला वाटतं डायनेस्टीला एकट्याने शब्द शोधू नका, तिची जोडी शोधा. एक लीग वर्षाची, दुसरी न संपणारी. आमच्याकडे ही जोडी रोजच्या बोलण्यात आहे. सालगडी पाडव्याला ठरतो, पुढच्या पाडव्याला साल संपतं, मग राहायचं की दुसरीकडे जायचं ते नव्याने ठरतं. आणि गडी म्हणजे खेळातलाही गडी. हुतूतूत आम्ही गडीच म्हणायचो. दर हंगामाला मोडणारी ती 'सालाची लीग'. न मोडणारी ती 'कायमची लीग'. आयपीएलच्या बातम्यांतही 'संघाने अमुक खेळाडूला कायम ठेवलं' असंच लिहितात, तेव्हा कानाला नवं नाही.

'राखीव' मात्र चुकूनही म्हणू नका. राखीव खेळाडू म्हणजे बाकावर बसलेला, हे मराठीत केव्हाच ठरून गेलंय.

न्यू जर्सीहून

सालाची आणि कायमची. हे जमलं. फरक नुसत्या नावाचा नाही, निवडताना डोकंच वेगळं चालवावं लागतं. वहीत नावापुढे वय का लिहिलंय, हे मला आता कळलं. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू काखेत धरून गर्दीत घुसणारे, सत्तावीस-अठ्ठावीसच्या पुढे सहसा उतरणीला लागतात, कारण दर रविवारी अंगावर माणसं आदळतात. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून देणारा, पस्तिशीतही खेळत राहतो. सालाच्या लीगमध्ये अठ्ठावीस वर्षांचा चांगला रनिंग बॅक खुशाल घ्यावा. कायमच्या लीगमध्ये त्याच पाळीला मुलगा एकवीस-बावीस वर्षांचा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, घेतो आणि पहिलं वर्ष हरायची तयारी ठेवतो.

एक राहिलंच. ही मुलं पुढच्या वर्षाची पाळीही आज देऊन टाकतात. "माझी पुढची पहिली फेरी घे, तुझा खेळाडू आत्ता दे." याला काय म्हणायचं? 'उचल' शब्द माझ्या डोक्यात आला, कारण तो खेळाडू उचलणंच आहे.

बीडहून

ताई, उचल म्हणजे आमच्याकडं वेगळं. ऊसतोडीला जायच्या आधी मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे म्हणजे उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एका कोयत्यामागं उचल ठरते. हंगामभर तोडून ती फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते, आणि पुढचं वर्षही त्याच मुकादमाकडं. माझे आईवडील गेलेत कोयत्यावर, म्हणून हे मला पुस्तकातून माहीत नाही.

अर्थाने बघाल तर तुमच्या मुलांचा व्यवहार हाच आहे : पुढचं साल आज खाऊन टाकणं. शब्द नेमका बसतो. तरी खेळासाठी मी तो वापरणार नाही आणि इतरांनी वापरू नये असं वाटतं, निदान आमच्याकडचे लोक अजून उचल घेऊन जातायत तोवर. त्यापेक्षा भिशीचा शब्द घ्या. भिशीत एखादीला लग्नासाठी पैसे आधी लागले तर ती दुसरीशी नंबर बदलून घेते. 'नंबर बदलणे', 'नंबर देणे'. त्यात एकमेकींची सोय आहे, कुणाच्या मानेवर काही नाही.

न्यू जर्सीहून

दादा, तुमचं ऐकते. नंबर देणे हेच लिहीन. मुलाला उचलीचा अर्थ सांगितला. त्याने विचारलं, "फिटेपर्यंत सोडून जाता येत नाही?" बाबांनी उत्तर दिलं, मी ऐकत बसले.

नाशिकहून

रूकीचं काय केलंत? 'नवखा' सहज तोंडात येतो.

पुण्याहून

नवखा म्हणजे ज्याला अजून नीट येत नाही असा. रूकी म्हणजे फक्त पहिल्या वर्षाचा. पुका नकुआ हा रिसीव्हर 2023 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत, एकशे सत्त्याहत्तराव्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याच हंगामात त्याने एकशे पाच झेल घेऊन 1,486 यार्ड काढले. पहिल्या वर्षाच्या खेळाडूंत दोन्ही तेव्हाचे विक्रम. त्याला नवखा कसं म्हणणार? 'नवोदित' म्हटलं की कविसंमेलन आठवतं. 'पहिल्या वर्षाचा' लांब आहे, पण खरं आहे. शाळा-कॉलेजात आपण तसंच बोलतो.

सांगलीहून

आमचा पुतण्या बेंगळुरूत हाच खेळ खेळतो. तो टॅक्सी स्क्वॉड म्हणत होता. ते काय?

न्यू जर्सीहून

संघात आहेत पण ज्यांचे गुण धरायचे नाहीत असे कोवळे खेळाडू ठेवायची जागा. गोष्ट क्लीव्हलँड ब्राउन्सची सांगतात. त्यांचे पहिले मालक आर्थर मॅकब्राइड यांची टॅक्सी कंपनी होती. संघात जागा नसलेल्या खेळाडूंना ते कंपनीच्या पगारावर ठेवत, म्हणजे लागले की हाताशी असत.

बाबांना हे सांगत होते तर त्यांनी मध्येच थांबवलं. "लिंबूटिंबू." आम्ही लहान असताना धाकट्या भावाला खेळात घ्यायचो ना, तसं : पळू द्यायचं, आऊट धरायचं नाही, आणि मोठा झाला की एक दिवस त्याचा डाव खरा धरायचा. मुलाने तो शब्द तीनदा म्हणून बघितला आणि वहीच्या शेवटच्या पानावर, चार नावांच्या वर, देवनागरीत लिहिला. टिं-वरचा अनुस्वार विसरला होता, तो बाबांनी दिला.

शेजपाळी शनिवारी आहे. मुलाचा संघ गेल्या वर्षी शेवटून तिसरा होता, म्हणून पाळी तिसरी.