सिक परेडला आलेल्या मुलावर मेडिकने संशय घ्यावा का?

पूर्वकिनारा (धागाकर्ता)

इथे सिंगापुरात मंडळाच्या कार्यक्रमात एक काका भेटले. त्यांच्या मुलाला बीएमटीनंतर (सैन्याच्या सुरुवातीच्या मूलभूत प्रशिक्षणानंतर) मेडिकचं, म्हणजे युनिटमध्ये प्रथमोपचार करणाऱ्या सैनिकाचं, पोस्टिंग मिळालंय आणि तो नाराज आहे. काकांचंही म्हणणं तेच, "त्यात करायचं काय असतं? पोरं आजारपणाचं सोंग घेऊन येतात, ती पकडायची." आजूबाजूच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. मी स्वतः मेडिक होतो, अजूनही रिझर्व्हिस्टला (सेवा संपल्यावर अधूनमधून परत बोलावतात त्याला) मेडिक म्हणूनच जातो. हे मत मला पटत नाही, म्हणून धागा काढतोय.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात. सिंगापुरात १९६७ पासून सैन्यसेवा सक्तीची आहे, २००४ पासून तिची मुदत दोन वर्षं. नागरिकांच्या मुलांना ती आहेच, पण आईवडिलांमुळे पीआर (कायमचे रहिवासी) झालेल्या आमच्यासारख्या मुलांनाही चुकत नाही. आधी टेकोंग बेटावर बीएमटी, मग पोस्टिंग. आवड कळवता येते, पण ठरवतं सैन्यच. मेडिक झालेले नी सून कॅम्पमधल्या मेडिकल ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये जातात. कालपरवापर्यंत पॉलिटेक्निकच्या वर्गात बसणारी मुलं तिथे एकमेकांच्या हाताची शीर शोधून सलाईनची सुई टोचायला शिकतात.

युनिटमध्ये आल्यावर दिवस सुरू होतो सिक परेडने, म्हणजे आजारी मुलांच्या सकाळच्या तपासणीने. मेडिकल सेंटरच्या बाकांवर मुलं बसलेली असतात. मेडिक नाव घेतो, ताप, नाडी, बीपी बघतो, काय होतंय ते विचारून लिहितो. मग एमओ (मेडिकल ऑफिसर) तपासतो. तोही बहुधा सक्तीची सेवा करणारा तरुण डॉक्टरच. तपासून तो शेरा देतो: अटेंड सी म्हणजे पूर्ण विश्रांती, अटेंड बी म्हणजे हलकी कामं, नाहीतर बूट नको, धावणं नको अशी एखादी सवलत. दुपारी औषधांचा साठा मोजायचा, मुदत संपलेलं बाजूला काढायचं, ऑक्सिजन सिलिंडर तपासायचे. ज्या दिवशी कव्हर (सरावाच्या जागी मेडिकची हजेरी) असेल त्या दिवशी फायरिंग रेंजवर उन्हात बसायचं किंवा रूट मार्चच्या मागून सेफ्टीच्या गाडीतून जायचं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण गरज पडेल तेव्हा सिलिंडर भरलेला सापडतो तो याच कंटाळवाण्या कामामुळे.

आता मूळ मुद्दा. खोटं आजारपण काढणाऱ्याला इथे केंग म्हणतात. सार्जंट येताजाता मेडिकला विचारतात, "आज किती केंग?" काही दिवसांत मेडिकचाही सूर बदलतो. "काय होतंय?" हा साधा प्रश्न उलटतपासणीसारखा येतो. याचा परिणाम खोट्यावर होत नाही, तो घरून तयारी करून आलेला असतो. गप्प होतो तो खरा आजारी. एक मुलगा आला होता, म्हणाला फक्त बूट चावलाय. त्याआधी तो एकदा येऊन गेला होता आणि "परत तूच?" असं ऐकून, पट्टी लावून परतला होता. त्याचा मोजा टाचेला चिकटला होता. तो पाण्याने भिजवून हळूहळू सोडवला. टाच सुजलेली, गरम, आणि घोट्यावरून पोटरीकडे एक लाल रेघ चढत गेलेली. जांघेत अवधाण आलेलं. थर्मामीटर लावला तर ताप. एमओने त्याला तडक हॉस्पिटलला पाठवलं. जखमेतला जंतुसंसर्ग वर चढत होता आणि आदल्या वेळी त्याचा मोजा कुणी उतरवलाच नव्हता.

माझं म्हणणं एवढंच, की संशय घेणं हे मेडिकचं काम नाही. समोरचा जे सांगतो ते खरं धरून तपासायचं आणि जे दिसेल ते एमओपर्यंत पोचवायचं.

तिसरा_सेक्शन

मी इन्फंट्रीत सार्जंट होतो, म्हणजे "किती केंग" विचारणाऱ्यांपैकी. तुमचा टाचेचा किस्सा गंभीर आहे, त्यावर वाद नाही. पण चित्राची दुसरी बाजूही बघा.

उद्या रूट मार्च असेल तर आज सिक परेडची रांग लांबते. हे प्रत्येक युनिटमध्ये दिसतं. सेक्शनमधले (छोट्या तुकडीतले) दोघं अटेंड बी घेऊन बसले की त्यांच्या वाट्याची मशीनगन, पाणी, स्ट्रेचर उरलेल्यांच्या खांद्यावर येतं. ती मुलंही १९ वर्षांचीच असतात, त्यांचेही गुडघे दुखत असतात, पण ती बोलत नाहीत. सगळ्यांचं सगळं खरं धरायचं म्हटलं तर त्याची किंमत या न बोलणाऱ्यांनी मोजायची. आणि आज उचललेलं जादा ओझं उद्या त्यांनाही मेडिकल सेंटरला आणतं.

शिवाय एमओला एकेका मुलासाठी काही मिनिटं मिळतात. मेडिक मात्र त्याच कॅम्पात राहतो. काल रात्री कोण फुटबॉल खेळत होतं आणि आज कोण लंगडतंय हे त्याला ठाऊक असतं. ही माहिती त्याने वापरायचीच नाही? आजाराचं सोंग हा लष्करी कायद्याखाली गुन्हा आहे. तो कायदा उगाच केलेला नाही.

पूर्वकिनारा

माहिती वापरावी, जरूर. पण ती एमओच्या कागदावर लिहून: "काल रात्री धावताना पाहिला." तिचं काय करायचं ते डॉक्टर ठरवेल. काल खेळला आणि आज लंगडतोय याचा अर्थ काल खेळताना गुडघा दुखावला असाही होतो. शेरा बाकावरच मारला की पुढचं सांगायला तो मुलगा तोंडच उघडत नाही.

सातारी_हवालदार

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो, आता निवृत्त. आपल्याकडे भरती स्वखुशीची, त्यामुळे आमचा अनुभव तुमच्या अगदी उलट आहे. एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) सोंग घेणारे येत नाहीत असं नाही, पण जास्त त्रास देतात ते लपवणारे. मेडिकल कॅटेगरी खाली आली की बढतीवर परिणाम होतो, चांगला कोर्स हातचा जातो. म्हणून जवान दुखणं दाबून ठेवतो.

उंचावरच्या चौकीवर तर हे फार धोक्याचं. पोरगं सांगतं, "ठीक हूँ साब." पण जेवण टाकलेलं असतं, बोलताना दम लागतो, रात्री बसून खोकत असतं. फुप्फुसात पाणी व्हायला लागलं तर ऑक्सिजन लावून ताबडतोब खाली उतरवणं हाच मुख्य इलाज. मी त्याच्या "ठीक हूँ"वर विश्वास ठेवला असता तर सकाळपर्यंत हातचा गेला असता.

तेव्हा पूर्वकिनारा, तुमचं मत मला अर्धंच पटतं. संशय मेडिककडे हवाच, फक्त तो माणसाच्या इमानावर नको. तुमच्याकडे पोरगं आजार वाढवून सांगतं, आमच्याकडे कमी करून. दोन्हीकडे बोलण्यापेक्षा शरीर काय म्हणतंय ते बघायचं. श्वास मोजा, जीभ बघा, ताट बघा.

निशिगंधा

माझा मुलगा पुढच्या वर्षी जाणार आहे. तुम्हा तिघांचं वाचून मला वेगळाच प्रश्न पडला. २०१८ च्या एप्रिलमध्ये ८ किलोमीटरच्या फास्ट मार्चनंतर गार्ड्स या पायदळ तुकडीतल्या एका मुलाला उष्माघात झाला आणि काही दिवसांनी तो गेला. चौकशी समितीने म्हटलं होतं, की जागेवरचे उपचार अपुरे पडले आणि मेडिकल सेंटरला न्यायला उशीर झाला. हे वाचल्यापासून मी झोपेत दचकते.

विश्वास की संशय हा प्रश्न नंतरचा. मुळात काही आठवडे शिकलेल्या मुलाच्या हाती हे द्यावंच का? सैन्याने प्रत्येक मोठ्या सरावाला पगारी, अनुभवी पॅरामेडिक ठेवावा. आपली मुलं सक्तीने घेतात, तर त्यांची काळजीही पूर्ण वाढीच्या माणसाने घ्यायला हवी.

तिसरा_सेक्शन

ताई, तुमची भीती रास्त आहे. पण त्या प्रसंगातून दिसतो तो पहिल्या काही मिनिटांतला निर्णय. ती मिनिटं नेहमी शेजारच्या माणसाच्या हातात असतात. उष्माघातात मुलगा आधी अडखळतो, विचारलं एक तर बोलतो भलतंच. हे सर्वात आधी बघतो त्याच्या पुढचा-मागचा सोबती. बाहेरून कितीही अनुभवी माणूस आणा, तो मागच्या गाडीत असतो. कायम नोकरीतले वरिष्ठ मेडिक आहेतच, पण प्रत्येक सेक्शनमागे एक देणं या देशाला जमणार नाही.

पूर्वकिनारा

इथे मी सार्जंटसाहेबांशी सहमत आहे, फक्त एक जोडतो. निशिगंधाताई, मेडिकला शिकवतात ते हेच: अंग आधी थंड करा, मग हलवा. कपडे सैल करायचे, पाणी ओतायचं, वारा घालायचा. ताप गुदद्वारातून मोजतात, कारण घामाने गार झालेल्या कातडीवरचा आकडा फसवतो. मेडिकल सेंटरमध्ये बॉडी कूलिंग युनिट असतं, तिथे जाळीवर झोपवून पाण्याचे फवारे आणि पंख्याचा वारा देतात. २०१८ नंतर सरावाच्या वेळी हात कोपरापर्यंत गार पाण्यात बुडवून बसण्याची पद्धतही आली. पण यातलं काहीही सुरू व्हायला आधी कुणीतरी थांबायला हवं. "हा नाटक करतोय" अशी शंका आली की ते थांबणं लांबतं. माझा राग आहे तो या सवयीवर. बाकावर लागलेली सवय मार्चच्या वेळी सुटत नाही.

हवालदारकाका, तुमची दुरुस्ती मान्य. शरीर बघायचं, इमान नाही.

तिसरा_सेक्शन

काकांचं म्हणणं मलाही मान्य. पण माझा प्रश्न तसाच राहिला. दर मार्चच्या आदल्या दिवशी तोच चेहरा रांगेत दिसला तर काय करायचं?

पूर्वकिनारा

त्याच्या सेक्शन कमांडरने त्याच्याशी एकट्याने बोलायचं, रांगेत सगळ्यांसमोर नाही. मी बघितलेल्या अशा मुलांपैकी काही आळशी होतीच. काहींना मात्र झोप येत नव्हती, एकाच्या घरी वडील अंथरुणाला खिळलेले होते. त्यांना मेडिकपेक्षा समुपदेशकाची गरज होती, आणि सैन्यात तो असतो.

निशिगंधाताई, मुलाला एवढं नक्की सांगा. मार्चच्या आधी बरं वाटतंय का असं विचारतात, तेव्हा सर्दी, जुलाब, अपुरी झोप, जे असेल ते सगळं सांगायचं. सकाळी पॅरासिटामॉल घेऊन ताप उतरवून उभं राहायचं नाही. आणि रात्री बरं वाटेनासं झालं तर उजाडायची वाट न बघता ड्यूटी मेडिकला उठवायचं.