काथ्याकूट: कोलेस्टेरॉल आटोक्यात आलं, पण दाहाचं काय?

मुठाकाठ (धागाकर्ता)

मागच्या दसऱ्यानंतर मला हृदयविकाराचा झटका आला. एक स्टेंट, चार रात्री मुक्काम, तेव्हापासून गोळ्यांचा डबा. आता एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५८. डॉक्टर खूश, बायको खूश. परवा लॅबच्या पॅकेजात एचएस-सीआरपी (अंगातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) होतं म्हणून करून घेतलं, तर आलं ६.४. एकच्या खाली बरं, तीनच्या वर जोखीम जास्त, असं रिपोर्टच्या तळाशीच छापलंय. डॉक्टरांनी कागद बाजूला सारला, "याच्या मागे लागू नका."

मला हे पटत नाही. धमनीतला थर म्हणजे नळात साचलेला क्षार नव्हे. एलडीएल धमनीच्या भिंतीत शिरतं, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात, आतले कोलेस्टेरॉलचे स्फटिक त्यांना डिवचतात आणि इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह भडकवणारं रसायन सुटतं. हा दाह धुमसत राहिला की थरावरचं आवरण विरतं, फाटतं, गुठळी होते. २०१७ ची कँटोस चाचणी बघा. १०,०६१ रुग्ण, सगळ्यांना आधी झटका येऊन गेलेला आणि सीआरपी दोन किंवा वर. दर तीन महिन्यांनी कॅनाकिनुमॅबचं, म्हणजे हेच इंटरल्युकिन अडवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन. १५० मिलिग्रॅमच्या गटात झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून १५ टक्के कमी, आणि एलडीएल जागचं हललं नाही! म्हणजे फायदा दाह शमवल्याचाच. मग आपल्याकडे यावर कुणी बोलत का नाही?

तिरकस

अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच चाचणीत जंतुसंसर्गाने दगावणारे वाढले, आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयरोगासाठी परवानगी नाकारली. किंमत तिकडे तेव्हा वर्षाला दोन लाख डॉलरच्या घरात. आणि दाह शमवला की झालं, असं असतं तर संधिवातातल्या मेथोट्रेक्सेटनेही काम केलं असतं. सर्ट चाचणी, ४,७८६ रुग्ण, फायदा शून्य.

मुठाकाठ

सर्टमध्ये सीआरपी आणि इंटरल्युकिन खाली आलीच नाहीत हो. दुसऱ्याच खोलीत पाणी मारून वणवा विझला नाही म्हणायचं.

गोळीवाली

सिंहगड रस्त्यावर माझं मेडिकल आहे. इंजेक्शन सोडा, गेल्या वर्षीपासून हृदयाच्या चिठ्ठीवर कोल्चिसिन दिसायला लागलंय. अर्ध्या मिलिग्रॅमची, गाऊटवाल्यांची जुनीच गोळी, स्वस्त. २०१९ च्या कोलकॉटमध्ये झटका आल्यापासून महिन्याच्या आत ती सुरू केली, तर झटका, पक्षाघातासारखे त्रास ७.१ वरून ५.५ टक्क्यांवर आले. २०२० च्या लोडोको-२ मध्ये जुन्या रुग्णांत ९.६ वरून ६.८. २०२३ मध्ये अमेरिकेने हृदयासाठी मान्यता दिली.

पण काउंटरच्या या बाजूने बघा. मागच्या आठवड्यात एक काका खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची चिठ्ठी घेऊन आले. पिशवीत कोल्चिसिनची पट्टी आधीपासून. दोन्ही एकत्र गेली की कोल्चिसिन अंगात साठतं, आणि किडनी अधू असेल तर जिवावर बेततं. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, कुणाला कुणाचा पत्ता नाही. मी फोन केला म्हणून बदलून मिळालं. व्हेरापामिल, डिल्टियाझेमचंही असंच. रक्तदाबाच्या किती जणांना ती चालू असतात!

सह्यभटक्या

अवांतर: कोल्चिसिन आपल्या कळलावीतही असतं ना? पावसाळ्यात फुलते ती, ज्वाळांसारखी लाल-पिवळी. आमच्या गावाकडे मावशी कंद उगाळून लावायची. घरचंच औषध मग.

गोळीवाली

@सह्यभटक्या, असतं, आणि त्याच कारणाने हात लावू नका. कंदात किती विष आहे हे तुम्हाला कळणार नाही, आणि उपचाराचा डोस व घातक डोस यांत फार अंतर नसतं. कंद खाऊन माणसं गेली आहेत. कृपया व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

तिरकस

गोळीवाली ताई, तुमची दोन गुणपत्रकं दाखवलीत, तिसरं राहिलं. २०२४ ची क्लिअर सिनर्जी. ७,०६२ रुग्ण, सगळे झटक्यानंतर अँजिओप्लास्टी झालेले. कोल्चिसिनवाल्यांत त्रास ९.१ टक्के, औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत ९.३. म्हणजे सपाट. जुलाब मात्र १०.२ विरुद्ध ६.६. धागाकर्ते याच गटात बसतात, तेव्हा त्यांनी आधी हा निकाल वाचावा. आणि कोलकॉटचंही गणित मांडा: फरक १.६ टक्क्यांचा, म्हणजे एकाचा त्रास टाळायला साठेक जणांनी दोनेक वर्षं रोज गोळी घ्यायची.

मुठाकाठ

साठात एक मला चालेल. कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिनलाही लोक हेच म्हणायचे. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत जुन्या हृदयरुग्णांसाठी कोल्चिसिनचा विचार करावा असं आहेच की.

तिरकस

"विचार करावा" आणि "द्यावं" यांत फरक आहे. सदाशिव पेठेत "या कधीतरी" म्हणतात तसं ते.

ओंकारेश्वर_घाट

:) +१

नातीची_आजी

मी डॉक्टर नाही. यजमानांना तीन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, उजवा हात अजून चमचा धरताना थरथरतो. मुलगा अमेरिकेहून हेच कोल्चिसिन सुरू करा म्हणून मागे लागला होता. न्यूरॉलॉजिस्टबाईंनी शांतपणे दोन चाचण्या समजावल्या. कॉनव्हिन्समध्ये ३,१५४ रुग्ण, पुन्हा त्रास होणारे ११.७ वरून ९.८ टक्के, पण हा फरक योगायोगानेही पडू शकतो म्हणाल्या. चीनमधल्या चान्स-३ मध्ये आठ हजारांवर रुग्ण, तीन महिन्यांत गोळीविना ६.५ आणि गोळीने ६.३ टक्के. शिवाय पक्षाघाताची कारणं अनेक म्हणे, कुणाला हृदयातून गुठळी येते, कुणाच्या बारीक नळ्या बंद होतात, आणि दाहावरची गोळी सगळ्यांना सारखी कशी लागू पडेल? आम्ही नाही घेतली. रक्तदाबाची वही मात्र मी रोज भरते.

वाकड_ते_कॅम्प

सगळे गोळ्यांवरच का अडकलात? दाह येतो कुठून? पुण्यातच केईएममध्ये डॉ. याज्ञिकांनी "बारीक-लठ्ठ" भारतीय दाखवून दिला. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि लंडनच्या युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. पोटातली ही चरबी नुसती पडून नसते, तीच इंटरल्युकिन-६ सारखी रसायनं सोडते आणि यकृत सीआरपी बनवायला लागतं. सडपातळ दिसणाऱ्याचं सीआरपी वाढलं म्हणून दचकण्याआधी कंबर मोजा. मी मोजली. सांगणार नाही.

दातवाला_बाजीराव

दंतवैद्य आहे. @मुठाकाठ, रक्त दिलंत तेव्हा सर्दी, ताप, हिरड्या सुजलेल्या, दाढ दुखत होती असं काही? सीआरपीला हृदय आणि हिरडी यांतला फरक कळत नाही. कुठेही काही पेटलं की ते वाढतं. म्हणून बरं असताना, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावं असा दंडक आहे.

मुठाकाठ

अक्कलदाढ ठणकत होती. लवंगेवर भागवत होतो. पण म्हणून ६.४?

दातवाला_बाजीराव

म्हणून ६.४ सुद्धा.

गोळीवाली

आणि झटका येऊन गेलाय तर फ्लूची लस घेतली का? २०२१ च्या आयएएमआय चाचणीत झटक्यानंतर लस घेतलेल्यांत वर्षभरात त्रास ५.३ टक्के, न घेतलेल्यांत ७.२. संसर्ग हाही दाहच. कोल्चिसिनवर तासभर भांडणारे लसीचं विचारतच नाहीत.

तिरकस

हे मात्र मान्य.

मुठाकाठ (तीन आठवड्यांनी)

दाढ काढली. काल पुन्हा रक्त दिलं, आज रिपोर्ट आला, १.८. घरात "सांगितलं होतं" चा जप चालू आहे. तिरकसराव, उड्या मारू नका. १.८ म्हणजे एकच्या खाली नाही, आणि थरात दाह असतो हा मुद्दा जागेवरच आहे. पण पहिल्याच आकड्यावर मी डॉक्टरांवर चिडलो होतो, तेवढं मागे घेतो. पुढच्या भेटीत कोल्चिसिन विचारणार आहे, किडनीचा क्रिएटिनिन रिपोर्ट आणि सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून. लस सोमवारी.

तिरकस

बरं असताना दुसऱ्यांदा करा आणि मग बोला. दोनदा म्हटलंय बाजीरावांनी.

मुठाकाठ

पंधरा दिवसांनी. लॅबवाला आता नावाने ओळखतो.