स्पीकरच्या तारा भिंतीत गाडू नका (माझं मत, भांडायला या)

ओसरीवरून

रविवारी बैठकीच्या खोलीत घड्याळ लावायला भोक पाडलं. ड्रिल बाहेर काढलं तर बिटाला केसासारखी बारीक, तांबूस तार गुंडाळून आली. त्या क्षणापासून मागचा उजवा स्पीकर मुका आहे.

२०१९ मध्ये कोथरूडचा जुना फ्लॅट आम्ही नव्याने करून घेतला. पाच स्पीकर, एक सबवूफर (खर्जाचा मोठा स्पीकर). एकही तार दिसता कामा नये, हा हट्ट माझाच. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "स्पीकरला कुठे करंट असतो साहेब? पाइप कशाला, अशीच गाडून टाकू." कटरने भिंतीत झिऱ्या (लांब खाचा) मारल्या, तारा ठेवल्या, वरून माल भरला, पुट्टी, रंग. दिवाळीला आलेले पाहुणे विचारायचे, "वायरी कुठायत?" आणि मी मिशीतल्या मिशीत हसायचो.

आता ती तार ओढून निघत नाही, तिच्या जागी दुसरी जात नाही. झिरी उघडायची तर त्या भिंतीला रंग आला, आणि जुनी शेड जुळणार नाही म्हणजे चारही भिंतींना आला. एका स्पीकरपायी!

म्हणून सांगतो, घर पन्नास वर्षांचं असतं आणि ऐकायची साधनं पाच वर्षांची. तार भिंतीवरच्या पट्टीखालून न्या. दिसली तर दिसली.

वायरमन अण्णा

तुमच्या घरातल्या दिव्या-पंख्याच्या तारा कुठून गेल्यात हो? भिंतीतूनच ना? मग त्या गाडू नका असा धागा का नाही काढला? त्यांच्यात बिघाड झाला की आम्ही नवी ओढून देतो, कारण त्या पाइपात असतात. पाइप न घालता तार गाडणाऱ्याला इलेक्ट्रिशियन म्हणू नका, तो गवंडी झाला.

२५ मिमीचा पीव्हीसी पाइप घ्या. कोपऱ्यावर एल्बो नको, लांब बेंड. दोन वळणं झाली की मध्ये जंक्शन बॉक्स. पाइप निम्माच भरा आणि आत एक जीआयची (जस्त चढवलेली लोखंडी) तार मोकळी सोडून ठेवा, पुढे काही ओढायचं झालं तर तिलाच बांधून ओढता येतं. आणि पाइप बॉक्सपासून सरळ उभा किंवा सरळ आडवा न्यायचा, जवळ पडतं म्हणून तिरका कधीच न्यायचा नाही. मग बॉक्स बघूनच कळतं, भोक कुठे पाडायचं नाही ते.

विजेच्या पाइपात स्पीकरची तार मात्र कोंबू नका. आत कुठे इन्सुलेशन सोललं तर २३० व्होल्ट थेट अँप्लिफायरच्या पोटात.

एक काम करा. बिटाला आलेली ती तार ब्लेडने खरवडा आणि आतून कसली निघते ते इथे लिहा.

भारवाही

अण्णा, पाइपाबद्दल सहमत, "सरळ आडवा" याबद्दल नाही. ब्रिटनच्या बांधकाम नियमांत उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत चालते, आडवी फक्त एक षष्ठांशापर्यंत. आपल्या आतल्या भिंती बहुतेक अर्ध्या विटेच्या, सुमारे ११५ मिमी. त्याचा षष्ठांश १९ मिमी. तुमचा पाइप २५ चा! मागच्या स्पीकरसाठी खोलीच्या लांबीभर ती झिरी मारली की विटेची भिंत पोस्टाच्या तिकिटासारखी फाडायला तयार. उभी मारा, आडवा प्रवास फॉल्स सीलिंगमधून करा.

आणि नव्या टॉवरमधल्या मंडळींनी हा धागा वाचून कटर हातात घेऊ नये. मायव्हन पद्धतीत ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंतीसुद्धा काँक्रीटच्या ओततात. त्यात झिरी मारली की सळई कापली जाते. ती भिंत तुमच्या एकट्याची नसते, वरचे सगळे मजले तिच्यावर उभे असतात.

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत एवढी मारामारी नाही. लाकडी खांब, त्यांच्यावर ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते), मध्ये पोकळी. वर एक भोक, खाली एक भोक, तार सोडली, झालं. एका शनिवारात पाचही स्पीकर. फक्त तारेवर सीएल२ किंवा सीएल३ छापलेलं बघून घ्यायचं. भिंतीतून न्यायच्या तारेला आगीच्या दृष्टीने ते मानांकन लागतं, पोकळीतून ज्वाळा वर चढते म्हणून.

भारवाही

तुमच्या भिंतीला कोपर लागलं तरी खळगा पडतो, ते पण लिहा.

एडिसनकर

पडतो. मुलाने दोन पाडलेत. :)

बिनतारी

हे सगळं कशासाठी? वायरलेस स्पीकर घ्या. झिरी नको, पाइप नको, सिव्हिल इंजिनियर तर नकोच.

वायरमन अण्णा

तुमचा बिनतारी स्पीकर वीज कुठून घेतो? मागच्या भिंतीला प्लग पॉइंट लागतोच. दोन बारीक तारा वाचवल्या आणि तीन जाड घातल्या. मला काय, त्याचे पैसे जास्तच मिळतात.

कानसेन

धागाकर्त्याच्या "साधनं पाच वर्षांची" याला माझा विरोध. टीव्हीला चित्र-आवाज नेणारं एचडीएमआय १.४ आलं २००९ मध्ये, २.० आलं २०१३ मध्ये, २.१ आलं २०१७ मध्ये. ती केबल ज्याने गाडली त्याने खरंच हात दाखवून अवलक्षण केलं. पण स्पीकरची तार म्हणजे काय, दोन तांबी. बाबांनी ऐंशीच्या दशकात घेतलेले स्पीकर मी आज नव्या ॲम्पवर वाजवतो, त्याच दोन तांब्यांनी.

हिशेबच करू. अँप्लिफायरपासून स्पीकर १० मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर तार. दीड चौरस मिमी तांब्याचा रोध होतो सुमारे ०.२३ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो तीन टक्क्यांच्या आत, कानाला काही कळत नाही. ४ ओहमचे असतील तर अडीचची घाला आणि झोपा. हजारो रुपये मीटरची तार विकणाऱ्याला लांबून नमस्कार.

काळजी घ्यायची ती सबवूफरची. त्याची लाइन वेगळी, त्यातला सिग्नल दुबळा असतो. विजेच्या पाइपाला चिकटून नेली की घूंऽऽ सुरू. जाळीवाली केबल घ्या, दोन्हींत अंतर ठेवा आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

ओसरीवरून

कानसेन, तार टिकली तरी जागा टिकत नाहीत हो. डॉल्बी ॲटमॉस (आवाज डोक्यावरूनही ऐकवणारी पद्धत) २०१४ मध्ये घरात आलं आणि स्पीकर छतावर चढले. त्याआधी पाच पॉइंट काढून बसलेल्यांनी काय करायचं? आमचा सोफाच आता दुसऱ्या भिंतीला आहे.

अण्णा, खरवडली. आतून पांढरी.

वायरमन अण्णा

वाटलंच. ॲल्युमिनियम आहे ते, वरून तांब्याचा मुलामा. त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा रोध साधारण दीडपट, आणि दोनदा वाकवली की तुटते. पुढच्या वेळी बंडल हातात घेऊन बघा, वजनालाच हलकं लागतं. तुमच्याकडून पैसे तांब्याचे घेतले असणार.

ओसरीवरून

घेतले. बिलावर "शुद्ध कॉपर" असं लिहिलंय, अधोरेखित करून.

माजघर

"दिसली तर दिसली" म्हणणारे किती जण घर झाडतात? हात वर करा. आमच्याकडे पहिली दोन वर्षं तारा फरशीवरून होत्या. केरसुणी अडकायची, पुसताना एका हाताने तार उचला, दुसऱ्याने फडकं मारा. पट्टी लावली तर वरच्या कडेला बोटभर धूळ. एकदा सासूबाईंचा पाय अडकून त्या सोफ्यावर पडल्या, नशीब सोफ्यावर. दुसऱ्या दिवशी मीच अण्णांसारख्या एकाला बोलावलं आणि पाइप घालून सगळं भिंतीत नेलं.

आणि हो, माल भरायच्या आधी प्रत्येक झिरीला मोजपट्टी धरून फोटो काढले. फरशीपासून किती, कोपऱ्यापासून किती, आकडे वाचता येतील असे. सहा वर्षांत चार खिळे ठोकलेत, एकही स्पीकर मुका झाला नाही. ओसरीवरून, तुमच्याकडे असा एक तरी फोटो होता का?

भाडेकरू

अकरा महिन्यांचा करार. मालक कॅलेंडरला खिळा ठोकू देत नाहीत, तुम्ही झिऱ्यांवर भांडताय. चालू द्या.

ओसरीवरून

माजघर, फोटो होता. वास्तुशांतीचा. त्यात मी आहे, भटजी आहेत, भिंत मागे रंगवून झालेली आहे.

पाइप असता तर वाचलो असतो, हे मान्य. पण भिंत पुन्हा फोडायला घरातून मंजुरी नाही. मागच्या दोन्ही स्पीकरना तांब्याची नवी तार स्कर्टिंगच्या वरून पट्टीतून घेतोय. पट्टीवरची धूळ मी पुसायची, असं ठरलंय. मत बदललेलं नाही, थोडं सरकलंय.

वायरमन अण्णा

घड्याळ कुठे लावलंत मग?

ओसरीवरून

त्याच भोकात. तिथे आता कापायला काही उरलेलं नाही.